पीक संरक्षणाची बंदूक : दारूगोळ्याचा कायदा आणि खर्च

(मांडवा, ता. अलिबाग येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



भात पोटरीत आले की रानडुकरे उतरतात आणि नारळ-सुपारीच्या बागेत वानरांचा उच्छाद वर्षभर चालतो. त्यामुळे आपल्याकडे अनेक घरांत ठासणीची बंदूक आहे. सभेपूर्वी एका बागायतदारांनी विचारले, "दारू, छरे महाग झाले. घरीच करून भागवले तर चालेल का?" आज त्याच प्रश्नावर बोलतो.

बार भरणे वेगळे, दारू बनवणे वेगळे

१९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी दुसरी बंदूकही मिळू शकते. आपल्याकडे अर्ज अलिबागला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो आणि पोलीस चौकशी होते.

ठासणीच्या बंदुकीत दारू, छरे व केप घालून बार भरणे हा त्या बंदुकीचा वापरच आहे. मात्र हे साहित्य परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवाना दाखवून घ्यावे. एका वेळी किती साहित्य बाळगायचे आणि वर्षात किती घ्यायचे, याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.

दारू घरी बनवणे किंवा वापरलेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरणे ही गोष्ट निराळी. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेसुद्धा 'दारूगोळा'च ठरतात. दारूगोळा तयार करण्यास कलम ५ प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

खर्चाचा हिशेब

एका बाराची किंमत म्हणजे दारू, छरे व केप. परंतु खरा खर्च त्यापलीकडचा आहे. परवाना व नूतनीकरणाचे शुल्क, अलिबागच्या खेपा, बंदुकीची दुरुस्ती आणि रात्रीच्या राखणीची मजुरी हे सर्व मांडून पाहा. त्यात घरी भरलेल्या बारातून वाचणारे पैसे किरकोळ ठरतात. त्या किरकोळ बचतीसाठी आपण हात, डोळा आणि स्वातंत्र्य पणाला लावतो.

विशेष इशारा : काडतूस फोडून त्यातील धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही भरू नका. ही बंदूक काळ्या दारूच्या दाबासाठी बनलेली असते. धूरविरहित दारूचा दाब फार जास्त असतो, त्याने नळी फुटते आणि इजा बंदूक धरणाऱ्यालाच होते. गंजलेल्या नळीचा धोका तर अधिकच.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

वानर व रानडुक्कर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली सक्षम वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. रानडुक्कर व रोही यांच्याबाबत असे अधिकार राज्य शासनाने २०१५ मध्ये वनक्षेत्रपालांना दिले. तेव्हा आधी अर्ज, मग लेखी परवानगी, त्यानंतरच बार. अशा परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेणे हा गुन्हा आहे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. २०१९ पासून परवान्याची मुदत ५ वर्षे आहे. मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज करावा.

२. परवानाधारकाचे निधन झाल्यास बंदूक माळ्यावर ठेवू नये. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. वारसाने नवा परवाना मागावा. "वडिलांची आहे" हे उत्तर कायद्यात चालत नाही.

३. दारू चुलीपासून व मुलांपासून दूर, कोरड्या जागी कुलपात ठेवावी. भरलेली बंदूक घरात आणू नये.

४. मांडव्यात आता वाडीला लागून बंगले झाले आहेत आणि २०२० पासून रो-रो बोटीमुळे वर्दळ वाढली आहे. झाडावरच्या वानरावर झाडलेला छरा कुंपणापलीकडे कोणाला लागेल हे सांगता येत नाही.

५. नुकसान झाले की लगेच वनखात्याला लेखी कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा मार्ग त्यातूनच जातो.

६. सौर झटका कुंपण शेजाऱ्यांनी मिळून केल्यास खर्च वाटला जातो. मात्र कुंपणात थेट विजेच्या तारेचा प्रवाह कधीही सोडू नये. त्याने माणसे मरतात.

मित्रहो, पीक वाचले पाहिजे हे खरेच. पण पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, गेलेला हात पुन्हा येत नाही. घरी परतल्यावर आज एवढेच करा : परवाना काढून त्यावरची मुदत, नाव आणि दारूगोळ्याची मर्यादा वाचा. यांपैकी काहीही जुळत नसेल तर उद्याच पोलीस ठाणे गाठा.