साथीतला पगार
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



साथीच्या रोगात मालक आणि नोकर यांच्यात काय होते, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी काही भाषण करणारी नव्हे. पण २०२० साली आमच्या एकाच घरात नोकरही होता आणि मालकीणही होती, तेवढ्यापुरते बोलते.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी लागली. आपल्या तुंगार्लीचे पोट मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांवर. बंगले ओस पडले, हॉटेले बंद, चिक्कीची दुकाने बंद. आमच्या घरचे एका हॉटेलात स्वयंपाकघरात होते. मालकांनी मार्चचा पगार पुरा दिला, एप्रिलचा अर्धा, आणि मे महिन्यात फोन उचलणे सोडले. बारा वर्षांची नोकरी! मी त्या माणसाला घरात बसून काय काय बोलले, ते इथे सांगण्यासारखे नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येत. टाळेबंदी लागताच मीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितले. त्यांना मार्चचे पैसे पुरे दिले, एप्रिलचे अर्धे, आणि मेचे दिलेच नाहीत. बघा, हिशेब अगदी हॉटेलवाल्यासारखाच! मिळकत नव्हती हे खरे. पण डब्यात थोडे होते, हेही खरे.

जूनमध्ये मावशी फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. तोंडाला पदर. म्हणाल्या, "वहिनी, दादांच्या कामाचं काही कळलं का?" स्वतःच्या पगाराचे एक अक्षर काढले नाही. मी तांदूळ आणि साखर आणून कठड्यावर ठेवली आणि मागे सरले. त्या निघून गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. २९ मार्च २०२० ला दिल्लीहून हुकूम निघाला की कारखाने, दुकाने, व्यापारी जागा बंद असल्या तरी पगार कापू नये. मेमध्ये तो हुकूम गेला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक-कामगारांनी आपसांत बोलून मिटवावे. पण बोलायला दोघे सारखे लागतात ना? घरकाम करणारी बाई तर त्या हुकमात नव्हतीच. तिच्यासाठी पंतप्रधानांची १९ मार्चची विनंती तेवढी होती.

जुन्या प्लेगात याच्या उलट झाले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लाखो माणसे गावी पळाली; घाटावरची तर आपल्याच बोरघाटातून वर आली. गिरण्यांना माणूस मिळेना. एरवी महिन्याचा पगारही अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज पैसे मोजू लागले. माणूस कमी पडला की त्याची किंमत कळते. २०२० साली माणसे पुष्कळ आणि काम नाही, म्हणून मालक वरचढ. त्याच प्लेगात, १८९७ च्या मार्चमध्ये, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगाने गेले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळवून दिली ती त्यांनीच. ती सुट्टी आपल्या मोरीपर्यंत अजून आलेली नाही. आणि लोणावळ्यात तर रविवारीच सगळ्यांत जास्त काम!

सगळेच मालक वाईट होते असे मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या एका बंगल्याच्या शेटाणीबाई मुंबईहून दर महिन्याला माळ्याच्या खात्यात पगार टाकत होत्या, आणि पोरांची चौकशी करत होत्या. दुसऱ्या एका बंगल्यात मालक स्वतः राहायला आले आणि राखणदाराला दोन महिने फाटकाबाहेर जाऊ दिले नाही. पगार दोघांनाही मिळाला. पण तो राखणदार आज तिथे नाही.

ऑक्टोबरात खानावळी उघडल्या, आणि आमच्या घरच्यांना कमी पगारावर परत बोलावले. त्यांनी मान खाली घालून होकार दिला. मावशींनी मात्र तसे केले नाही. मी बोलावल्यावर त्या म्हणाल्या, "येते वहिनी, पण महिन्याला दोन सुट्ट्या, आणि आजारी पडले तर पैसे कापायचे नाहीत." मला राग आला. मग आठवले, हेच तर मी हॉटेलवाल्याकडून मागत होते. मी कबूल केले, आणि मेचे पैसेही दिले.

एप्रिल २०२१ मध्ये सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले. २००८ च्या कायद्याने ही नोंदणी होते. मावशींची नव्हती, म्हणून ते पैसे गेले. नोंदणीला काम करतो त्या घरचा कागद लागतो, आणि तो मी कधी दिला नव्हता. त्यांनीही मागितला नव्हता, कारण दोघींनाही ठाऊक नव्हते.

मग मी वहीचे पान फाडले आणि लिहिले, की ह्या बाई आमच्याकडे नऊ वर्षे काम करतात. त्यांचे पुरे नाव काय, हे मला त्या दिवशी त्यांनाच विचारावे लागले.