तार कोठे संपते?



इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची तार घरातील भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत येते. त्यापुढे जी लहानशी पेटी लागते, ती म्हणजे राउटर. ही पेटी कोणाची असावी, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा आहे. घरातील साऱ्या यंत्रांची ये-जा याच दारातून होते. दार कंपनीचे असेल, तर दुरूनच त्याची कळ फिरविण्याची सोयही तिच्याच हाती राहते.

जर्मनीत २०१६ पर्यंत अनेक कंपन्या ग्राहकांवर आपलाच राउटर लादीत असत. राउटर हा जाळ्याचाच भाग आहे, सबब जाळे त्याच्या पलीकडे संपते, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतःचा राउटर आणणाऱ्याला जोडणीचा पासवर्ड नाकारला, की त्याची खरेदी व्यर्थ ठरे. या व्यवहाराला 'राउटरत्स्वांग', म्हणजे राउटरची सक्ती, असे नावच पडले होते. त्याविरुद्ध संघटित आवाज उठला आणि १ ऑगस्ट २०१६ रोजी नवा कायदा अमलात आला. त्याने सीमा स्पष्ट केली : जाळे सॉकेटपाशी संपते, पुढच्या यंत्राची निवड ग्राहकाची, आणि जोडणीला लागणारी माहिती कंपनीने न मागता, विनामूल्य द्यावयाची.

जाळ्याला धोका पोहोचेल, ही कंपन्यांची ढाल जुनीच आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनी याच सबबीवर परकी यंत्रे आपल्या तारांना जोडू देत नसे. रेडिओ संच दूरध्वनीशी जोडणाऱ्या 'कार्टरफोन'च्या प्रकरणात तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने १९६८ साली ही सरसकट बंदी बेकायदा ठरविली. खरोखर अपाय करणाऱ्या यंत्राला अटकाव करण्याची मुभा मात्र राहिली. दूरध्वनीचे जाळे कोसळले नाही.

स्वतःच्या राउटरबरोबर त्याची देखभाल व सुरक्षितता यांची जबाबदारीही येते, हे खरे. ज्याला ती नको, त्याने कंपनीचा राउटर खुशाल घ्यावा. विरोध सक्तीला आहे, सोयीला नव्हे.

युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने आपल्या पसंतीचे यंत्र वापरण्याचा अधिकार मान्य केला. परंतु जाळे नेमके कोठे संपते, याचा निर्णय देशोदेशींच्या नियामकांकडे राहिला. ती रेषा राउटरच्या पलीकडे सरकविली, की कागदावरचा अधिकार तसाच राहतो आणि घरातला नाहीसा होतो. म्हणूनच ग्राहक चळवळीने अधिकाराच्या घोषणेवर समाधान न मानता त्या रेषेवर पहारा ठेवला पाहिजे.