निळ्या पंपाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात दम्याविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे लग्नघरी काढ्याची बाटली घेऊन जाण्यासारखेच आहे. तरी कार्यवाहबाईंनी आग्रह केला आणि मी तो मोडला नाही. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. तलासरी तालुक्यातील पाड्यांवर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली एक बाई आहे. दमा मला लहानपणापासून आहे, आणि त्यावरचे औषध मी तीस वर्षे चुकीच्या रीतीने वापरले. तीच चूक आपल्यापैकी कोणाच्या घरी चालू असेल तर ती आजपासून थांबावी, एवढ्यासाठी हे चार शब्द.

माझे लग्न 1987 साली झाले आणि मी डहाणूला आले. पाठवणीच्या वेळी आईने ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या घडीखाली निळा पंप ठेवला आणि कानात सांगितले, "सासरी इतक्यात कळू देऊ नकोस." आईचा काय दोष? दमेकरी मुलगी म्हटली की स्थळ परत जाते, हे तिने पाहिलेले होते. मी तिची आज्ञा पाळली. धाप लागली की न्हाणीघरात जायचे, नळ सोडायचा आणि दोन दाब ओढायचे. पुढे सर्वांना कळले, कोणी काही बोललेही नाही, पण लपवण्याची सवय मात्र गेली नाही. आणि भगिनींनो, लपवलेल्या वस्तूचा हिशेब राहत नाही. दुधाचा हिशेब मी ठेवीत होते, किराण्याचा ठेवीत होते. पंप दिवसातून किती वेळा ओढते, हे मात्र माझे मलाच ठाऊक नव्हते.

हा निळा पंप करतो तरी काय? आपल्या छातीत श्वासाच्या बारीक नळ्या आहेत. दम्यात त्यांना आतून सूज येते, आणि भोवतीचे स्नायू आवळले की वाट आणखी अरुंद होते. सुजलेल्या हातात बांगडी अडकली तर आपण साबण लावून ती काढतो. बांगडी निघते, पण सूज गेली का? सालब्युटामॉल नावाचे जे औषध या पंपात असते, ते त्या साबणासारखे आहे. पाच-दहा मिनिटांत आवळलेले स्नायू सैल करते, श्वास मोकळा होतो, आणि चार-सहा तासांत त्याचा गुण ओसरतो. सूज उतरविण्याचे काम त्याचे नाहीच. ते काम रोज ओढण्याच्या दुसऱ्या औषधाचे, ज्यात बुडेसोनाइडसारखे अल्प मात्रेचे स्टेरॉइड असते. मला ते डॉक्टरांनी लिहून दिले होते. पण त्याने तत्काळ बरे वाटत नाही, आणि 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकून भीतीही वाटली. म्हणून ते कपाटात राहिले, आणि निळा पंप पर्समध्ये.

आता त्या रात्रीविषयी सांगते. नोव्हेंबर 2018 पासून आपल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, ते आपणां सर्वांच्या स्मरणात आहेत. धुंदलवाडीच्या आसपास तर माणसे घरात निजायला भीत. जानेवारी 2019 मध्ये मी शाळेच्या गावी खोली घेऊन राहत होते. एका रात्री धक्का बसला, आम्ही सगळी अंगणात आलो आणि शेकोटीभोवती पथाऱ्या पसरल्या. वर थंडी, शेजारी धूर. रात्री दोनच्या सुमारास मला धाप लागली. पंप काढला, ओढला, पुन्हा ओढला. दाबले की 'फुस्' असा आवाज येई, तोंडात गार फवारा लागे, पण छाती काही उघडेना. बारा-पंधरा वेळा तरी मी दाबला असेन. पुढे कळले की पंपातले औषध संपले तरी त्यातला वायू काही काळ फवारा सोडीत राहतो. मी रिकामा पंप ओढीत होते.

माझ्या एका विद्यार्थ्याची वारली आई शेजारी होती. तिने मला आडवी होऊ दिले नाही. शेकोटीपासून दूर नेले, बसते केले, पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकायला लावले, आणि मुलाला गाडीसाठी पिटाळले. एक वाक्यही मला पुरे बोलता येत नव्हते. रुग्णालयात पोहोचले तेव्हा ओठ निळसर पडले होते, असे नंतर सांगितले. प्राणवायू आणि वाफेतून औषध मिळाले, म्हणून आज मी आपल्यापुढे उभी आहे.

सकाळी डॉक्टरांनी विचारले, "बाई, वर्षाला किती पंप लागतात?" मी अभिमानाने म्हटले, "दरमहा एक. कधी खंड पडू देत नाही." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "एका पंपात दोनशे दाब असतात. महिन्याला एक म्हणजे दिवसाला सहा-सात. तुमच्या पंपाने वर्षानुवर्षे धोक्याची घंटा वाजवली, आणि तुम्ही तिलाच औषध समजलात." वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर मोठा झटका येण्याचा संभव वाढतो, दरमहा एक लागत असेल तर जिवाचाच धोका वाढतो, असे त्यांनी समजावले. मी शाळेत गणित शिकवीत होते, पण हा भागाकार मी कधी केला नव्हता.

नंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. या पंपाचा उगम एका लहान मुलीच्या प्रश्नात आहे. 1955 साली अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांवरच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का मिळू नये? पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला. मात्र 1960 नंतरच्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये दम्याचे तरुण रोगी अचानक अधिक संख्येने दगावू लागले, आणि संशय त्या काळच्या जास्त तीव्रतेच्या पंपांवर गेला. 1969 मध्ये आलेले सालब्युटामॉल त्याहून पुष्कळ सुरक्षित आहे. तरी 2019 मध्ये दम्याविषयीच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शक संस्थेने स्पष्ट सांगितले, की प्रौढांना व बारा वर्षांवरील मुलांना केवळ आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये. सूज उतरविणारे औषधही सोबत हवेच. पंप वाईट नाही, भगिनींनो. एकटा पंप वाईट.

आता घरी उपयोगी पडतील अशा गोष्टी सांगते. बसून किंवा उभे राहून पंप हलवावा. तो नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी हवेत दोन दाब सोडावेत. श्वास पूर्ण बाहेर टाकावा, ओठ तोटीभोवती मिटावेत, आणि सावकाश खोल श्वास घेण्यास आरंभ करतानाच एकदा दाबावे. मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवावा. एका श्वासात दोन दाब घेऊ नयेत. कॅप्सूल घालून ओढण्याचे यंत्र असेल तर रीत उलट: त्यात श्वास जोराने ओढायचा. आणि ती कॅप्सूल पोटात घेण्याची नव्हे. पाण्याबरोबर ती गिळणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

मुलांना आणि म्हाताऱ्यांना दाब व श्वास यांचा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी पंपापुढे लावायची नळी, म्हणजे स्पेसर मिळतो. तो नसला तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाची तोटी घट्ट बसेल एवढे भोक पाडून, कडा नीट करून, फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात. बाटलीच्या तोंडाने मुलाने पाच-सहा सावकाश श्वास घ्यावेत. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथील डॉक्टरांनी 1999 साली अशी बंद केलेली बाटली विकतच्या नळीइतकीच उपयोगी पडते, असे दाखवून दिले. एकदा आपल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला ती दाखवून घ्यावी. अगदी तान्ह्या मुलांना मात्र मुखवटा लागतो.

पंपाने छाती धडधडते, हात कापतात, ते थोड्या वेळात ओसरते. त्या भीतीने गोळी बरी असे समजू नये. दोन मिलिग्रॅमच्या एका गोळीत वीस दाबांइतके औषध असते, आणि ते साऱ्या अंगभर जाते. पंपाचे सवय लागण्याचे भय धरू नये. दिवस राहिलेल्या सुनेचा पंप काढून घेऊ नये. आईचा श्वास कोंडला तर पोटातले मूलही कोंडते. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरावी. मृगाला माशाचे औषध घेण्यास कोणी हैदराबादला गेले तरी पंप घरी विसरू नये. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी तो गाठोड्यात आठवणीने बांधावा. चुलीजवळ किंवा उन्हात मात्र तो ठेवू नये.

झटका आलाच तर रोग्याला निजवू नये, बसवावे. धुरापासून दूर न्यावे. एकेक दाब, मध्ये अर्धा-एक मिनिट, असे दहापर्यंत द्यावेत. तेवढ्याने उतार पडला नाही, किंवा आरंभीच बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, किंवा ते मलूल होत असेल, तर दहा दाबांची वाट न पाहता 108 ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवावा. झटका गेल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. आराम चार तासही टिकला नाही तर तेही तसेच समजावे.

आणि शेवटी माझी खरी विनंती. आपल्या प्रत्येकीच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. दूध कधी खाडा झाले, गॅसची टाकी कधी लावली, हे आपण त्यावर लिहितो. त्याच चौकटीत निळ्या पंपाचे दाब लिहावेत. नवा पंप आणला ती तारीखही लिहावी. आठवड्यात दोनदांपेक्षा अधिक वेळा तो लागला, की ते कॅलेंडर घेऊन डहाणूच्या किंवा कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात, जिथे जवळ पडेल तिथे जावे. पाण्यात टाकून पंप भरलेला आहे की नाही हे पाहण्याची रीत खोटी आहे. मोजणे हीच खरी रीत.

मी आता रोजचे औषध सकाळ-संध्याकाळ घेते. मागच्या महिन्याच्या पानावर निळ्या पंपाचे दोनच दाब आहेत. ते पान स्वयंपाकघरात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे टांगलेले आहे. गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न झाले. तिलाही दमा आहे. तिचा पंप ट्रंकेच्या तळाशी गेला नाही. बोलणी चालू असतानाच मी तो मुलाकडच्यांसमोर ठेवला आणि कसा वापरायचा ते त्यांना शिकवले. स्थळ परत गेले नाही.