खो मिळाल्यावरचं पहिलं पाऊल

आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात, शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतो. आज पाठलागाबद्दल बोलू, आणि शेवटी आयांशी दोन शब्द.

पाठलाग म्हणजे नुसतं पळणं, असं पुष्कळांना वाटतं. पण नियम बघा. आठ जणी चौरसात बसतात, एकीआड एक उलट्या तोंडानं. नववी पाठलाग करते. पळतीला बसलेल्या मुलींमधून कुठूनही निसटता येतं. पाठलाग करणारीला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही. म्हणून एकटीच्या वेगावर गडी बाद होत नाही. खो वेळेवर द्यावा लागतो आणि बसलेलीनं झटकन उठावं लागतं.

आमचा पहिला महिना या उठण्यातच जातो. टाचा उचलून चवड्यांवर बसायचं, एक पाय जरा मागं, बोटं जमिनीला. खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाऊल. खो मिळाला की मागच्या पायानं जमीन रेटायची. पहिलं पाऊल लहान, अंग वाकलेलं. आधी सरळ उभी राहून मग पळणारी तिथंच दोन पावलं मागं पडते. नजर पळतीच्या कमरेवर ठेवायची. खांदे हुल देतात, कंबर सहसा देत नाही.

मग पळतीला खांबाकडं रेटत न्यायचं आणि तिथं सूर मारायचा. तो आधी भुसभुशीत मातीत, गुडघ्यांवरून शिकवायचा. हनुवटी वर, उतरायचं छातीवर, कोपरावर नाही.

यंदा दिवाळीनंतर तीन मुली यायच्या थांबल्या. एकीची आई म्हणाली, "ताई, पोरीचं कोपर सोललंय. उद्या पाहुणे बघायला आले तर काय सांगू?" सूर शिकवायची घाई आमचीच झाली होती. तसं आम्ही तिला कबूल केलं.

मग सारिका काळेंचं सांगितलं. त्या आपल्याच जिल्ह्याच्या. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या कप्तानीखाली भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याही याच मातीत पडत-उठत शिकल्या.

प्रत्येक मुलगी तिथवर जाईल असं आम्ही म्हणत नाही. पण हाक आली की क्षणात उठायचं, आणि आपल्याला जमत नसेल तिथं मैत्रिणीला खो द्यायचा, एवढं तरी ती शिकते.

ती आई एका संध्याकाळी मैदानावर येऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून लेक परत येऊ लागली. बाकीच्या दोघी अजून आलेल्या नाहीत. त्यांच्या आया ऐकत असतील तर सांगतो, आम्ही अंधार पडायच्या आत खेळ थांबवतो आणि मुलींना घोळक्यानं घरापर्यंत सोडतो. एकदा येऊन बघा. रोज फक्कीनं मैदान आखताना त्या दोघींची आठवण येते.