चेंबरमधून नगरपरिषदेत



शाळेत आलेल्या पाहुण्यांनी आपली प्रगती सांगायची अशी प्रथा आहे. मी सौदीतल्या जेद्दा शहरात हिशेबनीस होतो, त्यात सांगण्याजोगं फार नाही. पण मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, मामा सौदीत आहेत. म्हणून तिथल्या एका निवडणुकीची गोष्ट सांगतो.

हो, निवडणुकीची! तिथे राजेशाही आहे. पक्ष नाहीत, आमदार नाहीत. मतं पडायची ती नगरपरिषदेसाठी, नाहीतर व्यापाऱ्यांच्या चेंबरसाठी, म्हणजे त्यांच्या संघटनेसाठी. 2005 साली नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या, त्यात बायकांना मत नव्हतं. त्याच वर्षी जेद्दाच्या चेंबरने मात्र बायकांना उभं राहू दिलं आणि लमा अल-सुलेमान व नश्वा ताहेर निवडून आल्या. मतदार बहुतेक पुरुष, दाढीवाले व्यापारी! लमाबाई उद्योजक घराण्यातल्या. पुढे त्या चेंबरच्या उपाध्यक्षही झाल्या. व्यापाऱ्याला समोर बाई आहे की पुरुष, यापेक्षा आपलं अडलेलं काम कोण मार्गी लावतं याची फिकीर जास्त, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

ही नगरपरिषद आपल्या पालिकेसारखीच होती. रस्ते, गटारं, कचरा. अधिकार बेताचे, काही सदस्य तर सरकारनेच नेमलेले. पण नोव्हेंबर 2009 मध्ये जेद्दात पूर आला आणि शंभरावर माणसं दगावली, तेव्हा गटारं किती मोलाची ते अख्ख्या शहराला कळलं.

2011 मध्ये राजे अब्दुल्ला यांनी बायकांना मताधिकार जाहीर केला. 12 डिसेंबर 2015 ला मतदान झालं. नऊशेहून जास्त बायका उभ्या होत्या, निवडून आल्या विसेक. प्रचाराची तऱ्हा ऐका. उमेदवार बाईने पुरुष मतदारांशी समोरासमोर बोलायचं नाही. पडद्याआडून बोलायचं, नाहीतर एखाद्या पुरुषाला आपल्या वतीने पाठवायचं. गाडी चालवायची परवानगी नव्हतीच, ती 2018 मध्ये मिळाली. तरीही लमाबाई जेद्दातून निवडून आल्या.

मग प्रश्न निघाला, बैठकीत बायकांनी बसायचं कुठे? वरून आदेश आला, वेगळ्या खोलीत. कामकाज दृक्‌श्राव्य यंत्रावरून ऐकावं, बोलावं. 2016 च्या सुरुवातीलाच लमाबाईंनी राजीनामा दिला.

त्यांनी आत राहून लढायला हवं होतं, असं काहींना वाटतं. मला नाही पटत. जिने चेंबरचं उपाध्यक्षपद सांभाळलं, तिला गटारांच्या चर्चेसाठी शेजारच्या खोलीत बसवायचं? इतर ठिकाणी ज्या बायका टिकून राहिल्या, त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. त्यांची गावं वेगळी, अडचणी वेगळ्या.

आज रात्री सौदीहून फोन आला की वडिलांना या निवडणुकीबद्दल विचारून बघा. त्यांना ठाऊक नसेल तर हसू नका. तिथे मत फक्त तिथल्या नागरिकांना होतं. आम्ही परदेशी माणसं मतदानाच्या दिवशी नेहमीसारखी कामावर होतो.