नांव न विचारणारी सभा

रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंडा असो वा मुरुड, सारा गांव एकमेकांस ओळखतो. म्हणूनच दारूच्या आहारीं गेलेला गृहस्थ मदत मागावयास कचरतो. आपलें नांव चव्हाट्यावर येईल, ही भीति त्याला दारूइतकीच जखडून ठेविते.

तिच्यावरचा उपाय १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं सांपडला. शेअरबाजारांतला एक दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेहि मद्यासक्त, परस्परांस आपली हकीकत सांगून सांवरले. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सभेंत आडनांव विचारीत नाहींत, शुल्क घेत नाहींत. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. व्रतहि जन्माचें नव्हे, आजच्या दिवसापुरतें.

पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ स्थापिलें. तेथें बरे झालेले कित्येकजण नव्यांचे वाटाडे झाले.

मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्यानें दारू एकाएकीं तोडल्यास झटके येऊन जीव धोक्यांत येतो; म्हणून आधीं डॉक्टर, मग सभा. गांवांत भीड वाटल्यास मांडव्याहून लाँचनें मुंबई गांठावी. तेथें अशा सभा नित्य भरतात. घरच्यांनीं उपदेश आवरावा आणि धक्क्यापर्यंत सोबत करावी.