सहीआधीचा गुणाकार



कारखान्यात पगारवाढीचे करार करण्यात माझी तीस वर्षं गेली. युनियनच्या नव्या पोरांना मी आयर्टन सेनाची गोष्ट सांगतो. या ब्राझिलच्या फॉर्म्युला वन ड्रायव्हरची १९८८च्या हंगामासाठी मॅक्लारेनशी चाललेली बोलणी ५ लाख डॉलरवर अडली. संघप्रमुख रॉन डेनिस यांनी नाणेफेक सुचवली. सेना हरला. करार होता तीन वर्षांचा, म्हणजे गेले १५ लाख! सेना त्याच वर्षी जगज्जेता झाला. त्याला ते पेललं.

आमचा करारही तीन वर्षांचा. महिन्याला १०० रुपये सोडले, तर कामगाराच्या घरातले ३,६०० जातात. म्हणून सहीआधी मी प्रत्येक आकडा छत्तीसने गुणतो. बाई, तुम्ही घोकून घेतलेले पाढे असे कामी आले!